प्लॅस्टिकमधलं हॉल तिकीट

परीक्षा केंद्राचं गेट नऊला बंद होणार होतं, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी, स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून, लेकीने हॉल तिकिटामागचे नियम पहिल्यांदा वाचले.

"बाबा, थांबा! नियम सात. 'उमेदवाराने व पर्यवेक्षकाने प्रवेशपत्रावर शाईने सही करावी.'"

"मग करायची की. पाच पेनं दिलीत तुला."

"पण हे प्लॅस्टिकमध्ये आहे!"

बाबांनी असा करकचून ब्रेक मारला, की मागचा सायकलवाला त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुढे गेला.

बाबांचं झेरॉक्सचं दुकान होतं. जे जे प्रिय ते ते लॅमिनेट करावं, ही त्यांची श्रद्धा. लेकीच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून कुकरच्या गॅरंटी कार्डापर्यंत घरातलं सगळं चकचकीत होतं. लेकीला शाळेत गुण उत्तम होते, पण कॉलेजात जागा मिळणार ती या एकाच तीन तासांच्या परीक्षेवर. पोरीचा दोन वर्षांचा अभ्यास, आणि आडवा आला तो बापाचा हौशी हात.

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी पेन टेकवून पाहिलं. शाई घसरली. मग किल्लीने एक कोपरा सोलला, तर प्लॅस्टिकबरोबर फोटोतली अर्धी हनुवटी निघून आली.

"आता मी हनुवटीशिवाय आत जाऊ?" लेक रडकुंडीला आली.

"दुकानात चल. दोन मिनिटांत नवं काढतो."

दुकानाच्या शटरपुढे मात्र नऊ मुलं आणि त्यांचे आईबाप उभे होते. बाबांना एकदम कालची पाटी आठवली. परीक्षेला बसणाऱ्यांना लॅमिनेशन फुकट, असं त्यांनीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"हेच ते!" एक काकू कडाडल्या. "कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला पुण्य कमवायला?"

बाबांना घाम फुटला. लेकीचं आधी काढावं, तर हे लोक जिवंत सोडणार नाहीत. आणि चूक तर आपलीच. त्यांनी चोरून लेकीकडे पाहिलं.

"यांचं आधी काढा," ती ओठ चावत म्हणाली. "पण हात चालवा, बाबा!"

एकाला पासवर्ड आठवेना. दुसरीच्या वेळी कागद अडकला. नवव्या मुलाने तर कोरं तिकीट हातात पडताच सवयीने विचारलं, "काका, लॅमिनेशन?" त्याच्या आईने त्याला कॉलरला धरून बाहेर नेलं.

लेकीचं तिकीट निघालं तेव्हा नऊला दहा कमी होते. आठ अठ्ठावन्नला ती गेटातून आत पळाली आणि बाबा बाहेरच्या कठड्यावर मटकन बसले.

तेवढ्यात आणखी एक मुलगी धावत आली. हातात त्यांनीच केलेलं, चकचकीत हॉल तिकीट. पहारेकऱ्याने ते पाहिलं आणि तिला आत सोडलं.

"अहो, तिची सही कशी उमटणार?" बाबा ओरडले.

"सही हजेरीच्या कागदावर घेतात आता," गेट लावत पहारेकरी म्हणाला. "तिकिटावर कोण करतंय? तो नियम जुना आहे. छापतात आपले."

बाबांना हसावं की रडावं कळेना. पोरीचा जीव टांगणीला लावला, तो फुकटच. हे तिला जन्मात कळू द्यायचं नाही, असं त्यांनी पुढच्या तीन तासांत निदान तीनशे वेळा ठरवलं.

बाराला लेक बाहेर आली. चेहरा थकलेला, पण हसरा.

"पेपर चांगला गेला. सकाळी एवढी घाबरले होते, की तिथे घाबरायला काही उरलंच नाही." मग त्यांच्या उतरलेल्या तोंडाकडे बघून ती घाईने म्हणाली, "आणि बाबा, बरं झालं नवं काढलंत. मॅडमनी तिकिटावर सही केली ना, शाई इतकी छान उमटली!"

तिकीट मात्र तिने घडी करून खिशात घातलं, दाखवलं नाही. बाबांनीही ते मागितलं नाही.

"मग! नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि तोंड फिरवून स्कूटरला किक मारू लागले.