तीन आण्यांचा पाय

सरकारशी कसं भांडायचं हे अख्ख्या पारोळ्यात दोघांनाच कळतं, असं झुलालचं ठाम मत होतं. पैकी एक तो स्वतः. दुसऱ्याचं नाव अजून आठवायचं होतं!

बसऱ्याच्या लढाईत गोळी लागून त्याचा डावा गुडघा वाकेनासा झाला होता. पेन्शन ठरवायला धुळ्याच्या डॉक्टरी बोर्डाने पाय तपासला आणि अपंगत्व लिहिलं, पन्नास टक्के. टक्के म्हणजे काय, ते बोर्डाचा कारकून तोतारामने समजावलं : "रुपयात आठ आणे."

इथेच घात झाला!

आणे झुलालला पक्के ठाऊक. दरसाल मामलेदार पिकाचे आणे ठरवी. सोळा म्हणजे भरघोस, तीन म्हणजे नुसती धसकटं. आणि आणे जितके कमी, तितकी शेतसाऱ्यात सूट मोठी. गेल्या साली करपलेल्या ज्वारीलाही असेच आठ आणे लागले होते.

"आठ आना? ह्या पायले?" घरी येऊन तो गरजला. "आठ आना पाय ऱ्हाता तं मी लगीनमा नाचता!"

"मंग जा धुयाले, कमी करी या," त्याची बायको भिकुबाई ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली. "पन मांगे सरकू नका."

मागे सरकायला गुडघा वाकावा लागतो. झुलाल थेट बोर्डासमोर उभा राहिला.

"साहेब, आठ आना भलता जास्ती शेतस! तीन लिखा!"

तोतारामने भाषांतर करण्याआधी दोनदा विचारलं, "कमी करायचेत?"

"कमी!"

साहेबाने चष्मा काढला. अपील म्हणजे वाढ, एवढंच त्याला आजवर माहीत होतं. "चार?"

"तीनले एक पै जास्ती नको!"

साहेबाने उठून हात मिळवला. अशी सचोटी त्याने विलायतेतही पाहिली नव्हती! सही झाली, अंगठा झाला.

बाहेर तोतारामच्या मेजाशी येताच झुलालने विचारलं, "तीन आना उना! आते बठ्ठी, पुरी माफी ना?"

तोतारामने टाक खाली ठेवला. "झुलालभाऊ, हे आणे पाय किती उरला त्याचे नव्हेत. किती गेला त्याचे! आणि चाराच्या खाली पेन्शनच मिळत नाही."



"मंग दुसरा अर्ज लिखा," झुलाल म्हणाला.

"अहो, पाय धड आहे असं तुम्हीच बोर्डाला पटवून आलात! आता काय लिहू, कपाळ?"

"तेच लिखा! लढाईमा डोकाले बी मार लागेल शे!"

तोतारामने त्याच्याकडे नीट पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला हरकत घ्यावीशी वाटली नाही. त्याने अर्ज लिहिला आणि खाली पुराव्याच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, भर घातली : 'सोबत मागील अपिलाची नक्कल.'