सतरा रकान्यांचं स्पॅनिश

"स्पॅनिशचं मी बघतो," असं मी ऑगस्टमधल्या एका रविवारी पॅनकेक खाता खाता बोलून गेलो. तोंडात घास होता म्हणून बरं, नाहीतर अल्जिब्राचंही मीच बघतो म्हणालो असतो.

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. म्हणजे माझी बायको नदीन शिकवते, सोळा वर्षांची ग्रेटा आणि चौदा वर्षांचा सायलस शिकतात, आणि मी जेरोम गावच्या कालवा कचेरीत कोणत्या शेतकऱ्याला कधी पाणी सोडायचं याच्या नोंदी ठेवतो. ग्रेटाला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. तिच्या मनातल्या विद्यापीठाला परकी भाषा दोन वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. हातात दोनच वर्षं उरली होती.

"नक्की बघशील?" नदीनने विचारलं.

"अगं, एक प्रोग्रॅम निवडायचा. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. एका प्रोग्रॅममध्ये व्याकरण अजिबात नव्हतं, दुसऱ्यात व्याकरणाशिवाय काहीच नव्हतं. तिसऱ्यातला मास्तर इतक्या हळू आवाजात बोलायचा, की शेजारच्या खोलीत त्याचं आजारी मूल झोपलंय असं वाटे. चौथा पहिल्या धड्यापासून रेल्वे स्टेशन कुठे आहे ते विचारायला शिकवत होता, आणि आमच्या गावात रेल्वेने प्रवास केलेला माणूस शोधावा लागेल. पाचव्यात हातमोज्यांच्या बाहुल्या गात होत्या. (त्या मी तीन वेळा पाहिल्या. फक्त तुलनेसाठी.)

शेवटी घरी शिकवणाऱ्या आयांच्या ऑनलाइन गटात मी साधा प्रश्न टाकला, "नवशिक्या मुलांसाठी कोणता चांगला?" एकशे त्रेचाळीस उत्तरं आली. त्यातल्या दोन बायका अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

मग मी तक्ता केला. उच्चार, व्याकरण, व्हिडिओ, परीक्षा, कंटाळा असे सतरा रकाने. कचेरीतला माणूस एकदा रकाने आखायला बसला, की त्याला थांबवणं कठीण.

सप्टेंबर उजाडला. नदीन एका हाताने सायलसची समीकरणं तपासत, दुसऱ्या हाताने घेवडा ढवळत होती. "स्पॅनिश सुरू झालं ना रे?"

"झालं की!" मी म्हणालो. (निवड सुरू झाली होती. खोटं असं काही नाही.)

"कुठवर आलंय?"

"तिसरा धडा."

हे मात्र खोटं होतं. आणि एकदा तिसरा धडा झाला, की पुढच्या आठवड्यात चौथा व्हावाच लागतो. ऑक्टोबरपर्यंत माझी मुलं नवव्या धड्यावर पोहोचली होती आणि प्रोग्रॅम अजून ठरायचा होता. रोज ग्रेटा समोर दिसली, की मी तक्ता मिटून घेई. पोरीचं वर्ष मी रकान्यांत घालवत होतो.

तक्ता घेऊन बसायला मला निवांतपणा तेवढा मिळायचा, कारण आमच्या शेजारीण ओफेलिया बारियोसबाई घोट्याला मार लागून घरी बसल्या होत्या आणि मुलं रोज संध्याकाळी दोन तास त्यांच्या शेळ्यांचं बघायला जात. बाई बावीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या.

एका बुधवारी नदीन म्हणाली, "शनिवारी दुपारी ओफेलियाबाईंना जेवायला बोलावलंय. मुलांचं स्पॅनिश जरा त्यांच्या कानावर पडू दे, त्यांची मायबोलीच आहे ती."

माझ्या हातातला काटा खाली पडला.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना गॅरेजमध्ये नेलं, सगळं कबूल केलं आणि कागदावर उतरवलेली पाच वाक्यं त्यांच्या हातात ठेवली.

ग्रेटाने वाचलं. "बाबा, 'माझा काका स्टेशनवर चीज आहे'?"

"'आहे' नको असेल तर काढून टाक. किंवा असं करा, दोघांचा घसा बसलाय म्हणून सांगा."

"दोघांचा एकदम?" सायलस म्हणाला.

"साथ आहे म्हणा!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही काळजी नका करू, बाबा," ग्रेटा म्हणाली. पोरगी किती मोठ्या मनाची, या विचाराने मला जास्तच मेल्यासारखं झालं.

शनिवारी ओफेलियाबाई काठी टेकत, मक्याच्या पानांत वाफवलेल्या तमालेंचं पातेलं घेऊन आल्या. सगळे बसलो. मी पाण्याचा तिसरा ग्लास रिकामा केला. नदीन म्हणाली, "हं, बोला आता."

आणि ग्रेटा बोलू लागली. अडखळली, पण थांबली नाही. कुठल्याशा शेळीने कुंपणावरची ओली विजार कशी खाल्ली, ते हातवारे करून सांगत होती. सायलसने मध्येच काहीतरी टाकलं आणि ओफेलियाबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. माझ्या छातीवरून जणू कोणी ट्रॅक्टर काढून घेतला. काही कळलं नाही, पण इतकं सुंदर काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"वा!" नदीन म्हणाली. "लाइल, प्रोग्रॅम कोणता म्हणालास हा?"

"कसला प्रोग्रॅम?" ओफेलियाबाई म्हणाल्या. "पोरं माझ्या गोठ्यात शिकली. माझ्याकडे इंग्रजीत बोलायचं नाही, असा नियमच आहे. शेळ्यांना तरी कुठे कळतं इंग्रजी?"

मी नदीनसमोर मान खाली घातली. "मी अजून निवडतोच आहे गं. तिसरा धडा, नववा धडा, सगळं खोटं."

"माहीत आहे," तिने शांतपणे भात वाढला. "तू तिसरा धडा म्हणालास, तेव्हाच मी तुझा तक्ता उघडून पाहिला. दुसऱ्या दिवशी ओफेलियाबाईंकडे जाऊन मुलं शेळ्यांच्या कामाला ठेवून घ्या आणि त्यांच्याशी स्पॅनिशच बोला म्हणाले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू बिझी होतास ना."

ग्रेटा खो खो हसली आणि मीही हसलो. रागवायला तोंडच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर राग आलाही नव्हता. त्याच दुपारी ओफेलियाबाईंनी रीतसर शिकवायचं कबूल केलं. नदीनने पाठ्यपुस्तक लावून दिलं, तासांची नोंद ठेवली. विद्यापीठाला पत्र लिहून विचारलं, तर हे चालेल, शेवटी त्यांची परीक्षा मात्र द्यावी लागेल, असं उत्तर आलं. ते वाचून ग्रेटाने स्वयंपाकघरात मला अशी मिठी मारली, जणू हे सगळं मीच जमवून आणलं होतं. मीही ते नाकारलं नाही.

तक्त्यात पहिला आलेल्या प्रोग्रॅमला मात्र मी घाबरून जेवणाच्या आदल्या दिवशीच पैसे भरून नाव नोंदवून बसलो होतो. "मग तूच शिक," नदीन म्हणाली. शिकलो. चार महिने, रोज सकाळी, मोठ्याने.

परवा आमच्या कचेरीत एक म्हातारे शेतकरी आले. नाव सालगादो, म्हणजे घरी स्पॅनिशच बोलत असणार. अशी संधी पुन्हा कधी यायची? मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि त्यांच्या पाण्याची, पिकाची, घरच्यांची सगळी चौकशी अस्खलित स्पॅनिशमध्ये केली. त्यांनी हॅट काढून छातीशी धरली, शेवटचा शब्द होईपर्यंत आदराने ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाले,

"माफ करा हं साहेब, मला जर्मन येत नाही."