'प'ची पोती

परसातल्या गुलाबांना खत घालायची परवानगी सासऱ्यांकडून मिळायला साहेबांना तब्बल सहा वर्षं लागली. साहेब नगरपालिकेच्या खत डेपोचे प्रमुख. गावभरचा ओला कचरा कुजवून त्याचं खत करायचं, हे काम. पण सासऱ्यांच्या तोंडून 'जावईबापू' असं कधी आलं नाही. पाहुण्यांना ओळख करून देताना ते म्हणायचे, "हे कचऱ्यात असतात."

यंदा मात्र सासरे टेकीला आले होते. गुलाबांच्या प्रदर्शनातला चषक समोरच्या वकिलाने सलग तीन वर्षं पळवला होता आणि पुढचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं.

"तुमच्या त्या खताने फरक पडेल?"

"बाबा, माझ्यावर सोडा."

डेपोतल्या पोत्यांवर खडूने एकच अक्षर लिहायचं, ही शिस्त साहेबांनीच लावली होती. 'प'ची दोन पोती त्यांनी स्वतः गाडीत टाकली आणि वाफ्यात रिकामी केली.

चौथ्या दिवशी पानं पिवळी पडली. "खत लागू पडतंय," साहेब म्हणाले. सहाव्या दिवशी सकाळी वाफ्यातून चक्क वाफ निघू लागली. "माती श्वास घेतेय, बाबा." दहाव्या दिवशी गुलाबांच्या काड्या झाल्या आणि मधोमध टोमॅटो नि भोपळ्याची रोपं ऐटीत उभी राहिली.

"अहो, आता हे काय लागू पडलंय?" बायकोने विचारलं.

साहेबांनी डेपोच्या मुकादमाला फोन लावला. "'प' म्हणजे पक्कं ना?"

"नाही साहेब, 'प' म्हणजे परत. अर्धवट कुजलेलं, परत ढिगात टाकायचं. तयार खताला आम्ही 'त' लिहितो. एकच अक्षर लिहा, म्हणून तुम्हीच बजावलं होतंत."

साहेबांनी फोन ठेवला. सहा वर्षांनी मिळालेला मान दोन पोत्यांत मातीत गेला होता. तरी त्यांनी सासऱ्यांपुढे उभं राहून सगळं कबूल केलं.

सासऱ्यांनी त्या काड्यांवरून नजर उचलली.

"ती 'प'ची पोती अजून आहेत?"

"नऊ आहेत. पण बाबा, ती..."

सासरे उठून पुढच्या दारात गेले. समोर वकील आपल्या टवटवीत गुलाबांना पाणी घालत होता.

"वकीलसाहेब," सासऱ्यांनी प्रेमाने हाक मारली, "तुमच्यासाठी दोन पोती मागवतोय. आमच्या जावईबापूंचं खत आहे. अगदी पक्कं."