धाकूकाका भरतीला उत्तर देतात

धाकूकाकांना तुम्ही सकाळी फोनवर काही लिहून विचारलंत, तर उत्तर संध्याकाळी येण्याचा संभव असतो. ते बहिरे नाहीत, आळशी नाहीत, आणि फोन तर त्यांच्या हातून घटकाभरही सुटत नाही. फक्त खाडीचं पाणी उतरत असेल तर ते कुणालाही उत्तर लिहीत नाहीत. त्यांच्या वडलांचा नेम होता. पाणी उतरतं असताना नवी होडी लोटायची नाही, निरोप धाडायचा नाही आणि भांडण काढायचं नाही. इंटरनेटवर निरोप आणि भांडण एकाच वाक्यात होतं, हा शोध काकांनी स्वतः लावला आणि वडलांचा नेम तिकडेही चालू केला.

मी दिघीच्या शाळेत शिकवते आणि राहते आगरदांड्याला. मधे खाडी. रोज सकाळी दहाची फेरीबोट, संध्याकाळी पाचची. गाड्या नेणाऱ्या या मोठ्या बोटीला आमच्याकडे सगळे जंगलजेटी म्हणतात. वरच्या मजल्यावर डावीकडच्या बाकाच्या टोकाला काका बसलेले असतात. आगरदांड्याला चढतात, दिघीला उतरत नाहीत, त्याच बोटीने परत येतात आणि परत जातात. तिकीट त्यांना कुणी मागत नाही. ही बोट येण्याआधी तीस वर्षं याच पाण्यावर त्यांची स्वतःची लाँच चालायची. तिचं नाव 'वत्सला', आईच्या नावावरून ठेवलेलं.

न उतरता फेऱ्या कशासाठी, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घरी रेंज न्हाय, बाई. हितं मध्यावर दोनी काठांची रेंज गाठ परते." काकांच्या बोलीत 'ड'चा कधी कधी 'र' होतो, 'पडते'चं 'परते'.

मध्यावर खरंच काहीतरी होतं. रेंजचं मला माहीत नाही, पण माणसाचं होतं. इंजिनाची एकसुरी घरघर पायांतून वर चढत येते, दोन्ही काठ सारखेच लांब दिसायला लागतात, समुद्राच्या बाजूला किल्ल्याची काळी रेघ पाण्यावर ठेवल्यासारखी असते, आणि आपण जातोय की येतोय हे क्षणभर आठवत नाही. वहीतपासणीचा गठ्ठा मांडीवर तसाच राहतो. अशा त्या गुंगीत शेजारून काकांचा आवाज येतो, की अमेरिकेत कुणीतरी चष्म्यात फोन बसवलाय, आणि आता माणसं एकमेकांकडे बघतायत की सिनेमा बघतायत ते कळणार नाही.

काका 'तंत्रगप्पा' नावाच्या एका मराठी गटात आहेत. तिथे दिवसभर नव्या फोनच्या, अ‍ॅपच्या, बंद पडलेल्या सर्व्हरच्या बातम्या येतात आणि त्यांवर टवाळी चालते. खऱ्या नावाने तिथे कुणीच नाही. 'पासवर्ड विसरलो' नावाचा एक आहे, 'अपडेट नंतर' नावाची एक बाई आहे. आणि 'एक टक्का बॅटरी' नावाचा एक आहे, तो काकांचा खास. काका त्याला टक्क्या म्हणतात. बातमी आली रे आली की टक्क्या काकांना डिवचतो, काका पाण्याकडे बघतात, आणि पाणी उतरतं असेल तर फोन पालथा घालून बसून राहतात. ओठ मात्र हलत असतात. उत्तर तयार असतं, ते तोंडात घोळवत बसायचं असतं.

याचे परिणाम काय होतात ते सांगते. एकदा घडी घालायचा फोन आला. टक्क्याने विचारलं, काका घेणार का. पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं. सहा तासांनी काकांनी लिहिलं, "शिडाची घडी जिथं परते तिथंच ता फाटतं." तोवर गटात कुणीतरी साखरपुड्याचा फोटो टाकून सगळ्यांकडून अभिनंदन घेत होतं, आणि काकांचं उत्तर नेमकं त्या जोडप्याच्या खाली जाऊन बसलं. गट तीन दिवस हसत होता. नवरदेवाने मात्र काकांना खासगीत विचारलं म्हणे, की तुम्हाला काही कळलंय का.

तेव्हापासून त्या गटात कुणी उशिरा उत्तर दिलं की बाकीचे 'याची भरती आली' म्हणतात. पुढे कुणीतरी काकांच्या प्रोफाइलवरचा वत्सलेचा फोटो कापून त्याचं स्टिकर केलं. निळ्या पट्ट्याची लाँच, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूची माळ, खाली 'भरती आली'. ते स्टिकर गटाबाहेर गेलं. माझ्या भाचीच्या कॉलेजच्या गटात ते फिरताना मी पाहिलं, आणि ही लाँच कुणाची ते मला माहीत आहे असं सांगितल्यावर तिने माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने बघितलं. लोक चेष्टा करतात याचं काकांना वाईट वाटत असेल असं मला वाटायचं. त्यांनी माझ्या फोनवर ते स्टिकर बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "फिरतेय ना? फिरू दे."

वत्सला आता नाही. मोठी बोट सुरू झाल्यावर तिला उतारू मिळेनात. दोन पावसाळे ती चिखलात कलंडून पडली, मग एक जण तोडायला घेऊन गेला. काकांनी त्याला हो म्हटलं ते पाणी उतरत असताना. ही एक गोष्ट ते मला तीनदा तरी सांगून चुकले होते, आणि तिन्ही वेळा 'ओहोटीला व्हय म्हनलो' एवढंच सांगून पुढे दुसराच विषय काढला होता.

प्रश्नांना उत्तरं देणारं यंत्र आलं तेव्हा काकांनी माझ्याकडून ते फोनवर घालून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, आज आगरदांड्याला भरती किती वाजता. यंत्राने लगेच वेळ सांगितली. ती साफ चुकीची होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, हे इथे कुणालाही तोंडपाठ असतं. काकांनी चूक दाखवली. यंत्राने त्याच क्षणी माफी मागितली आणि दुसरी चुकीची वेळ सांगितली. काकांनी फोन खाली ठेवला.

"चुकला तं चुकला," ते म्हणाले. "पन माफी मागताना तरी जरा थांबावा. इतक्या बेगीन मागतो तो मनापासून मागत न्हाय."

हे त्यांनी गटातही लिहिलं, अर्थातच भरतीला, पाऊणपटीच्या हिशेबासकट. टक्क्याने खाली हसणारे चेहरे टाकले आणि लिहिलं, की काका, माझं रोजचं कामच लोकांची माफी मागण्याचं आहे, मी थांबलो तर साहेब ओरडेल. तो कुठल्यातरी कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचा. त्याच्याबद्दल काकांना एवढीच माहिती होती. नाव नाही, गाव नाही, वय नाही.

मधे एकदा काकांच्या घरी जाण्याचा योग आला. त्यांच्या बायको हौसाकाकी मुरुडच्या बाजारात मासळी विकतात. त्यांनी माझ्यासाठी बोंबील ठेवले होते, ते घ्यायला गेले. ओट्यावर बसून सहज फोन बघितला तर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या. मी काकींना म्हटलं, तुमच्याकडे तर रेंज आहे. त्या हसल्या. "रेंजला काय झालंय? ह्यांना घरात बोलायला कोन न्हाय. मी बाजारात. लाँचवर दिसभर मान्सा असायची, कोन रडत यायचा, कोन लगीन ठरवून यायचा. आता ता फोनवरची मान्सा घेऊन फेऱ्या मारतान." बोंबील बांधता बांधता त्यांनी हे सांगितलं, त्यात तक्रार नव्हती. मला मात्र बाकाच्या टोकाला बसलेले काका दिसायला लागले आणि ओशाळायला झालं. रोज त्यांच्या शेजारी बसून मी अर्धा वेळ वह्या तपासत होते.

ही गोष्ट गेल्या कार्तिकातली. त्रयोदशी होती. पाणी पावणेदहाला भरलं आणि आम्ही आगरदांडा सोडला तेव्हा उतरायला लागलं होतं. मध्याच्या जरा अलीकडे काकांनी फोन माझ्यापुढे धरला. टक्क्याने लिहिलं होतं, "मंडळी, आजपासून माझं काम मशीन करणार. माझ्यापेक्षा लवकर माफी मागतं म्हणे. संध्याकाळी हे खातं बंद करतोय. बोलायला आता काही उरलं नाही. राम राम."

त्याखाली गट खिदळत होता. टक्क्या आयुष्यात कधी सरळ बोलला नव्हता, म्हणून हीही थट्टाच असणार असं सगळ्यांना वाटलं. हसणारे चेहरे, टाळ्या, आणि मधेमधे वत्सला. भरती आली, भरती आली, भरती आली. एकामागून एक निळ्या पट्ट्याच्या सात-आठ लाँची त्या राम रामखाली लागल्या होत्या.

"ही थट्टा न्हाय," काका म्हणाले.

मीही तेच म्हटलं. मग म्हटलं, काका, आत्ताच लिहा. ते पाण्याकडे बघत राहिले. पुन्हा चढायला चार वाजणार होते. फोन त्यांनी पालथा घातला, मग सुलटा केला, मग पुन्हा पालथा घातला. एवढा मोठा माणूस, भर पावसाळी वाऱ्यात लाँच काठाला लावलेला, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना.

"नाव माहीत न्हाय त्याचा," ते हळूच म्हणाले. "खाता बंद झाला तं शोधू कुठं?"

आणि मग ते एका बोटाने लिहायला लागले. दिघीचा धक्का जवळ येत होता, खाली गाड्यांची इंजिनं सुरू झाली होती. लिहून झाल्यावर त्यांनी मला वाचायला दिलं. शुद्धलेखन तपासायचं माझ्या मनातही आलं नाही.

"ओहोटी हाय तरी लिवतोय. मोठी बोट आली त्या दिशी मी बी असाच घरी गेलो. कोन काय बोलला न्हाय. माझी लाँच तोरली तवा बी कोन बोलला न्हाय. मी बी नंतर कोनाशी बोललो न्हाय, ती माझी चूक झाली. तू जाव नको. जेवलास का?"

पाठवलं त्यांनी. मी उतरले.

त्या दिवशी मी सातवीला एकच धडा दोनदा शिकवला आणि मुलांनीही मला सांगितलं नाही. पाचच्या बोटीवर धावतच चढले. काका तिथेच होते. दोर टाकणाऱ्या माणसाने सांगितलं की सकाळपासून उतरलेले नाहीत, डबाही उघडलेला नाही. मी शेजारी बसले. वह्या पिशवीतून काढल्या नाहीत.

"काही आलं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. गट आता गप्प होता. काकांनी ओहोटीला लिहिलं हे बघितल्यावर एकेकाला गांभीर्य कळलं असावं. 'अपडेट नंतर' बाईने माफी मागितली होती, 'पासवर्ड विसरलो'ने स्वतःचा नंबर लिहून ठेवला होता. टक्क्याकडून मात्र काही नव्हतं. बोटीने दिघी सोडलं. ऊन तिरपं होऊन पाण्यावर पसरलं होतं, त्यात बगळे उडताना काळे दिसत होते. दोन्ही काठ लांब गेले. पाणी बोटीच्या पोटावर हलकेच चापट्या मारत होतं, म्हणजे चढायला लागलं होतं, हे मलाही आता कळतं.

फोन वाजला तेव्हा आम्ही बरोबर मध्यावर होतो. काकांनी तो माझ्याच हातात दिला. "तुमीच वाचा, बाई."

मी वाचलं. "काका, उत्तर केव्हाच लिहून ठेवलं होतं. पण तुम्हाला ओहोटीत पाठवायला मन होईना. आज त्रयोदशी, पावणेदहाची भरती, म्हणजे चारनंतर तुमचं पाणी चढायला लागलं असणार. वर्षभर मी ही वेळ रोज काढतोय, तुमचं उत्तर कधी येईल ते कळावं म्हणून. खातं बंद करत नाही. आत्ता जेवलो. तुम्ही?"

खाली वत्सला होती. निळा पट्टा, झेंडूची माळ. तिच्याखालचे शब्द मात्र त्याने काढून टाकले होते.

काकांनी फोन घेतला, डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला. मग शर्टाच्या बाहीने काच पुसली, आणि त्याच बाहीने तोंडही पुसलं. आगरदांड्याचा धक्का दिसायला लागला तेव्हा त्यांनी पिशवीतून डबा काढून उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"पोचली, बाई," ते म्हणाले. "माझी लाँच पोचली पलीकरं."