खिल्लारेंच्या नावावरचा कार्बन

आमच्या जालन्याच्या कारखान्यात पोलादातून काढलेला कार्बन कुणातरी कामगाराच्या अंगात भरावा लागतो. हवेत सोडायची परवानगी नाही.

गेल्या वर्षी सळ्यांच्या जोडीला तारेची ऑर्डर आली. तारेचं पोलाद मऊ लागतं, नाहीतर ओढताना तुटतं. म्हणजे कार्बन जास्त काढायचा. त्यात आमचं ओतकाम अखंड चालणारं, मध्ये थांबायची सोय नाही. लाहोटी साहेबांनी विलास खिल्लारेला निवडलं, कारण तो फार हळवा होता. कुणाच्याही मुलीच्या पाठवणीला हा रडायचा. त्याच्यात जागा भरपूर, असं साहेबांचं मत पडलं.

मी प्रयोगशाळेत. दर सोमवारी विलासचं नख ग्राइंडरवर धरून ठिणग्या बघायच्या, हे माझं काम. आधी ठिणग्या लांब आणि सरळ यायच्या. दिवाळीपर्यंत त्यांना फाटे फुटायला लागले, म्हणजे कार्बन चढला. मी नोंद करत गेलो. दुसरं काय करणार होतो, सांगा.

आईच्या अंत्यविधीला विलास नुसता ताठ उभा राहिला. पुढे त्याला वाकून चार वर्षांच्या ओवीला, स्वतःच्या मुलीला, उचलता येईना. तार मात्र सुरेख निघत होती.

शेवटी त्याची बायको शालन ओवीला घेऊन कारखान्यात आली. यांचा निम्मा कार्बन माझ्या नावावर करा, असा रीतसर अर्ज तिने आणला होता.

"एकदा तरी पोरीला उचलू द्या हो त्यांना," ती म्हणाली.

साहेबांनी नियम पाहिले. पत्नीला घेता येत होता. सही करू नका, असं मी तिला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मलाही पूर्वीचा विलास हवा होता.

सोमवारी दोघांची नखं तपासली. विलासचा आकडा निम्म्यावर आला होता. त्याने तिथेच ओवीला उचललं आणि ढसाढसा रडला. मीही रडलो. साहेब माझ्या खांद्यावरून आकडे वाचत होते.

"दोघांत मिळून बरीच जागा झाली की," ते म्हणाले. "तारेच्या पोलादाच्या अजून चाळीस भट्ट्या निघतील."

तिसऱ्या आठवड्यात त्या चाळीसही निघाल्या. त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ओवी फाटकापाशी हात वर करून उभी राहिली. आईबाप तिच्यासमोर ताठ उभे होते. थोड्या वेळाने तिने हात खाली घेतले.