टिकली मधोमध लावावी

आम्रपालीला संगणकातलं सगळं येत होतं. सगळं म्हणजे सगळं! साताऱ्याला आत्याकडे राहून तिनं सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्याच्या सर्टिफिकेटावर तिचं नाव इतक्या वळणदार अक्षरांत होतं, की तिच्या आण्णांनी त्याला लगेच फ्रेम करून घेतली. आण्णा पलटणीतून सुभेदार होऊन घरी आलेले. आल्यागेल्याला ते आधी भिंतीसमोर उभं करत आणि मग पाणी देत.

साल अठ्ठ्याण्णव. वडूजच्या पुढं चार मैलांवरचं एक हायस्कूल. गावाचं नाव सांगत नाही. यातली निम्मी माणसं अजून हिंडतीफिरती आहेत आणि उरलेल्यांची मुलं निवडणुकीला उभी राहतात. तर त्या शाळेत संगणक आला. प्रयोगशाळेतला हाडांचा सांगाडा व्हरांड्यात काढून त्याची खोली संगणकाला दिली. शिपाई अर्जुना दारात स्टूल टाकून बसला आणि दिसेल त्याला ओरडू लागला, "चपला भाईर! धूळ गेली की मशिनीला पडसं हुतंय!" शिवणाच्या राहीबाईंनी संगणकाला झालर लावलेलं झबलं शिवलं. पंचक्रोशीत ते यंत्र चालू करता येणारी एकटी आम्रपाली, म्हणून तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. कायमची ऑर्डर उद्घाटनाच्या दिवशी मिळणार होती. संस्थेचे अध्यक्ष नानासो सही करणार होते. केली तर.

उद्घाटनाला आठ दिवस होते तेव्हा नानासो यंत्र बघायला आले. अनवाणी आत आले, हात जोडले आणि पडद्याकडं बघताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्ये वर निळं काय हाय?"

"पट्टी आहे नानासो. प्रत्येक खिडकीला वर असती."

"ती दिसती मला. निळी कुणी केली?"

"कुणी नाही. येतानाच तशी आली."

"कुठनं?"

"अमेरिकेतनं."

नानासोंनी पट्टीकडं पाहिलं, मग आम्रपालीकडं, मग परत पट्टीकडं. "तिकडं बी तुमची माणसं पोचली व्हय?"

दारात अर्जुना विनाकारण खोकला.

"मला काय न्हाई गं पोरी," नानासो म्हणाले. "माझ्या मनात तसलं कवाच न्हाई. पण लोक म्हणत्यात. निवडणूक तोंडावर आली. लोक म्हणत्याल, आण्णाची पोरगी लावली आन चार दिसात मशीन निळं झालं!"

हे 'लोक' आमच्या तालुक्यात अजून कुणी पाहिलेले नाहीत. पण जे जे वाईट बोलायचं असतं ते तेच बोलतात. बिचारे थकतही नाहीत!

आम्रपालीच्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं पलटणीतलं. पण डोळ्यांसमोर ऑर्डर आली. तिनं उत्तर गिळलं आणि त्याच्या जागी एक फुशारकी बाहेर काढली.

"रंगाचं काय एवढं, नानासो! इथं रंग आपल्या हातात असतो. पट्टी, पडदा, बटणं, अक्षरं, कशालाही कुठलाही द्या. दोन मिनिटं!"

आणि खरोखर दोन मिनिटांत पट्टी पिवळीजर्द झाली, सांगलीच्या हळदीसारखी! नानासोंना आपल्या देवाचा भंडारा उधळल्यासारखं झालं. "आता कसं!" म्हणत ते गेले, ते थेट पारावरच थांबले. संगणकानं अध्यक्षांचा रंग धरला, ही बातमी तासाभरात गावभर झाली.

म्हणजे तात्याबांपर्यंतही झाली. तात्याबा उपाध्यक्ष. नानासोंचं आणि त्यांचं वीस वर्षं पटलं नव्हतं. एका गाडीत बसायची वेळ आली तर दोघंही खिडकीतून बाहेर तोंड काढून बसत. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच आले.

"पट्टी त्येंची ऱ्हाऊ द्या," ते दारातूनच म्हणाले. "मागला सगळा पडदा भगवा करा."

"सगळा, तात्याबा?"

"मग काय चतकूर? उपाध्यक्ष असलो म्हणून काय झालं!"

पडदा भगवा झाला. मधल्या सुट्टीत राहीबाई झबल्याची झालर नीट करायला आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

"अगं बाई! काठ पिवळा, अंग केशरी, आन बुट्ट्या ह्या असल्या राखुंडीच्या? ही काय जोडणी झाली?"

"त्या बुट्ट्या नाहीत बाई, बटणं आहेत."

"असंनात का! हिरवी कर. आन त्यावरची अक्षरं पांढरी. हिरव्यावर पांढरं लय खुलतं."

बटणं हिरवी झाली, त्यावरची अक्षरं पांढरी झाली. खरं सांगायचं तर आम्रपालीलाही आता गोडी लागली होती. खिडकी दिसली की ती तिला नेसवू लागली. काम मागं पडलं. मुलांचे दाखले संगणकावर काढण्यासाठी सांगलीच्या एका माणसानं शाळेला प्रोग्रॅम करून दिला होता. त्याच्या खिडकीत ऐन मध्यावर एका ओळीत पाच बटणं होती: नवा, छापा, पुसा, शोधा, बंद. ती पाच बटणं हिरव्या रंगात कासारणीच्या दुकानातल्या बांगड्यांसारखी दिसत होती!

ती बटणं बघायला नानासो आणि तात्याबा नेमके एकाच वेळी आले.

"हिरवी?" नानासो म्हणाले.

"हिरवी?" तात्याबा म्हणाले.

वीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. लोक काय म्हणतील, ते दोघांनीही सांगितलं. पण एकमत टिकलं अर्धं मिनिट. बटणं मग पिवळी करायची की भगवी, यावरून असा गदारोळ झाला, की शेजारच्या वर्गातला भूगोल बंद पडला.

"पट्टी तुमची हायच की वो! बटणं बी तुमचीच?"

"पट्टी बोटभर, तुमचा पडदा हातभर! जरा मोजून बोला!"

शेवटी अर्जुना स्टुलावरून उठला. "आवं, पांढरी करा की. पांढरा कुणाचाच न्हाई."

इतका शहाणपणाचा तोडगा आमच्या संस्थेत त्याआधी कधी निघाला नव्हता. म्हणूनच तो अंगलट आला. आम्रपालीनं लगेच बटणं पांढरी करून टाकली. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही समाधानानं गेले. मग ती पडद्याकडं वळली.

बटणं पांढरी होती. त्यांवरची अक्षरंही राहीबाईंच्या कृपेनं पांढरीच होती. पाच बटणं, पाची कोरी! दुधात तांदूळ शोधावेत तशी गत! बरं, रंग परत बदलावेत तर रंग बदलायच्या खिडकीलाही बटणं होती आणि तीही पांढरी. तिनं अंदाजानं दोन-चार ठिकाणी दाबून बघितलं, तर पडद्यावरचा बाण तेवढा दुप्पट मोठा झाला.

सांगलीच्या माणसाला फोन केला असता तर काम झालं असतं. पण फोन होता मुख्याध्यापकांच्या खोलीत. तिथं सगळ्यांच्या देखत विचारायचं, की अहो, बटणावरची अक्षरं हरवलीत, कुठं सापडतील? जिला सगळं येतं तिनं? छे!

"काय झालं, ताई?" अर्जुनानं विचारलं.

तिनं सांगितलं. अर्जुनानं डोकं खाजवलं. "तुमाला कुठलं बटण पायजे?"

"छापा. डावीकडनं दुसरं. मला माहिताय, पण उद्घाटनाला पाहुणे स्वतः दाबणार आहेत."

"मग खूण करू की!" तो गेला आणि राहीबाईंकडून एक लाल टिकली मागून घेऊन आला. बरोबर दुसऱ्या बटणाच्या जागी ती त्यानं काचेवर चिकटवली. "टिकलीवर बाण न्यायचा आन दाबायचं. हाय काय आन न्हाय काय!"

उद्घाटनाचा दिवस उजाडला. शिक्षण खात्यातले साहेब साताऱ्याहून जीपनं आले. खोलीत जागा नव्हती म्हणून संगणक सभामंडपात आणून टेबलावर ठेवला. मागच्या रांगेत आण्णा बसले होते, छातीवर दोन पदकं लावून. नानासोंनी दिमाखात जाहीर केलं, की या यंत्रातून निघणारा पहिला दाखला शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्याचा असेल. रजिस्टर नंबर एक. म्हणजे कोण? म्हणजे स्वतः नानासो! त्यांची माहिती त्यांनी आम्रपालीशेजारी बसून तोंडीच सांगितली होती: शिक्षण जुनी अकरावी, पहिला वर्ग, वर्तन उत्तम. ती माहिती पडद्यावर उघडून ठेवलेली होती.

आधी पूजा. ती नानासोंच्या कारभारीण रंगुबाई करणार. त्याच वेळी आम्रपालीला हार घेऊन पाहुण्यांकडं पाठवलं. रंगुबाईंनी यंत्राला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि मग त्यांचं लक्ष काचेवर गेलं.

"अगं बया, ह्येला टिकली कुणी लावली? आन अशी एका अंगाला?" त्यांनी मोठ्या मायेनं टिकली नखानं सोडवली, पदरानं काच पुसली आणि टिकली सवाष्णीला लावावी तशी बरोबर मधोमध लावली. मग दोन पावलं मागं सरून बघितलं. छान दिसत होती!

पाचांतलं मधलं बटण कुठलं, ते तुम्हीच मोजा.

आम्रपाली हार घालून वळली तोवर साहेबांच्या हातात माउस होता आणि कानाशी अर्जुना होता. "टिकलीवर, सायेब. टिकलीवर." साहेबांनी आधी बोटानं काचेवरची टिकलीच दाबली. मग कुणीतरी सांगितलं, तसा बाण तिच्यावर नेला.

"थांबा साहेब!" आम्रपाली ओरडली. पण तिचं ओरडणं टाळ्यांत बुडालं. बटण दाबलं गेलं. एक छोटी पांढरी चौकट आली. तिच्यात काय लिहिलंय ते कुणालाच दिसलं नाही. साहेबांनी तिच्यावरही दाबलं. सरकारी माणूस, न वाचता मान्यता देण्याची सवय! आणि नानासो पुसले गेले. नाव, गाव, जुनी अकरावी, पहिला वर्ग, सगळं!

दाखला येईना म्हणून साहेबांनी आणखी दाबलं. मग तात्याबांनी दाबलं. मग दोघांनी मिळून, पेटी वाजवावी तसं. यंत्रानं तरी किती सोसायचं? त्यानं एकदा कण्हल्यासारखा आवाज केला आणि अख्खा पडदा निळा झाला! पट्टी नाही, काठ नाही, इथूनतिथून निळा, आणि त्यावर बिघाड झाल्याचं सांगणारी पांढरीशुभ्र इंग्रजी अक्षरं, पार मागच्या रांगेतून दिसतील अशी.

सभामंडपातली सगळी मंडळी नानासोंकडं बघू लागली.

मागून एकट्याच्याच टाळ्या वाजल्या. आण्णा उभे राहिले होते. हाच कार्यक्रम आहे असं त्यांना मनापासून वाटलं होतं. "शाब्बास बेटा! एकदम ओक्के!"

मग साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. "खरंच हो! इतका वेळ मला काहीच वाचता येत नव्हतं. आता कसं स्वच्छ दिसतंय! रंग छान निवडलात, नानासो."

नानासोंना टाळ्या वाजवाव्या लागल्या. त्यांचा चेहरा कुठल्या रंगाचा झाला होता, ते सांगायला संगणकातले रंगही पुरले नसते.

चहा घेऊन निघताना साहेब म्हणाले, "तो पहिला दाखला मात्र संध्याकाळपर्यंत माझ्याकडं पोचवा. फायलीला लावायचाय. आणि तोंडी माहिती नको, मूळ रजिस्टरवरून घ्या."

ते ऐकून नानासो चहाच्या कपात फुंकर मारत राहिले. कप केव्हाच रिकामा होता.

आम्रपालीनं अखेर मान खाली घालून सांगलीला फोन केला. त्या माणसानं हसू दाबत चार कळा सांगितल्या आणि बटणं परत राखुंडीची झाली, अक्षरं काळी झाली, पट्टी निळी झाली. मग मुख्याध्यापकांनी कपाट उघडून जुनं रजिस्टर तिच्यापुढं ठेवलं. तिनं नंबर एक काढला, वाचला आणि जसाच्या तसा टाइप केला.

नानासो आत आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. चपला काढायचंही त्यांना भान नव्हतं.

"काय लिवलंय, पोरी?"

"इयत्ता सातवी. नापास, दोन वेळा. वर्तन बरे नाही."

बराच वेळ नानासो निळ्या पट्टीकडं बघत राहिले. पट्टीबद्दल ते आज काहीच बोलले नाहीत. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "अर्जुना सांगत हुता, बटणावरची अक्षरं गेली हुती म्हणं... पांढऱ्यावर पांढरी?"

"हो."

"तसं ह्या दोन ओळींचं करता यील?"

"दोनच ओळींचं नाही होत, नानासो. केलं तर सगळ्याच अक्षरांचं होतं."

"मग सगळ्यांचं कर! नाव तेवढं मला पाठ हाय."

आम्रपालीनं माउसवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "दोन मिनिटांचं काम. माझी ऑर्डर तेवढी राहिलीय. लोक म्हणतात, अजून सही झाली नाही."

नानासोंनी खिशातून घडी केलेली ऑर्डर काढली, टेबलावर सरळ केली आणि सही केली. तारीखसुद्धा घातली. तिनं ती पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली आणि मगच माउसला हात लावला. दोन मिनिटांत पडदा पांढरा झाला. नापास गेलं, दोन वेळा गेलं, वर्तन गेलं. नानासोंनी काचेला डोळे लावून खालवर बघितलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं! त्यांना इतका आनंद झाला, की 'छापा' हे बटण तिनं दाखवलं तसं त्यांनी स्वतःच्या हातानं दाबलं आणि दाखला साताऱ्याला पोचवायला गावातल्या जीपवाल्याला बोलवायला अर्जुनाला पिटाळलं.

प्रिंटर करकरत सुरू झाला.

आता प्रिंटरला एकच फीत असते आणि ती काळी असते. पडद्यावर तुम्ही कुठला रंग चढवलाय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. हे कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि आम्रपालीला, मी सुरुवातीलाच सांगितलं, सगळं येत होतं.