जितीस माती देणाऱ्या कोंडाऊची बखर

श्री. जी धरा सकळांस पोटांत घेते आणि कोणाचें कूळ पुसत नाहीं, तिचे पायीं मस्तक ठेवोन हें वर्तमान लिहिलें असे. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं एका माळावर रुईच्या झुडपाखालीं भुईचे पोटांत मुंग्यांचें एक राज्य नांदत होतें. त्या राज्यास नांव नव्हतें आणि प्रजेसही नव्हतें, कां कीं मुंग्यांचे मुलखीं नांवाचें काम वास करितो. परंतु ऐकणारांस ओळख राहावी म्हणोन आम्हीं दोनचार नांवें योजिलीं, त्याची मुंग्यांनीं क्षमा करावी. राज्यीं आईसाहेब सर्वांचे वर. त्या कोणे एके काळीं पंखांच्या होत्या, एक वेळ आभाळीं गेल्या, तेथेंच लग्न लागलें, आणि भुईस उतरतांच आपले पंख आपणच मोडोन टाकिले आणि भुयारांत शिरल्या, त्यांनीं पुनः सूर्य पाहिला नाहीं. नवरे लग्नाचेच दिवशीं वारले. त्या एका दिवसाचे शिदोरीवर आईसाहेब आजवर अंडीं घालीत होत्या, आणि आज्ञा म्हणावी तर त्यांनीं उभ्या जन्मांत एकही केली नाहीं. सारी प्रजा लेकींची. मुलगे थोडे, पंखांचे, आयतें खाणारे. त्यांस काम एकच, लग्नास जाणें आणि मरणें. लेकींत ज्या थोर डोक्याच्या निपजल्या त्या दरवाजावर शिपाईगिरीस, आणि बारीक अंगाच्या त्या सकळ कष्टास. त्यांतही चाल ऐसी कीं कवळी असतां आंत राहोन अंडींबाळें राखावीं, जून जाहली म्हणजे भुयारें कोरावीं, आणि म्हातारी जाहली म्हणजे बाहेर जावें. माणसें म्हातारीं घरांत ठेवितात आणि तरणे लढाईस धाडितात. येथें न्याय उलटा. जिचें आयुष्य थोडें उरलें तिनें उन्हांत जावें, कां कीं गेलें तर थोडेंच गेलें.

त्या राज्यीं कोंडाऊ म्हणोन एक म्हातारी होती. तिचे मिशांचीं टोंकें झिजलीं होतीं, आणि तांबड्या मुंग्यांचे लढाईंत पुढला एक पाय गेला होता, ज्या पायास मिशा विंचरावयाची फणी असते तोच. काम मातीवालीचें, म्हणजे मढीं उचलोन बाहेर मसणवटांत टाकावयाचें. त्या कामाचा दस्तूर ऐसा: मुंगी मेली तरी मेली हें कोणास कळत नाहीं. ती वाटेंत उताणी पडते, आणि बहिणी तिजवरून जातात येतात, कोणी थांबत नाहीं. मग तिचे अंगांतून मरणाचें तेल सुटतें, त्याचा वास उठतो, आणि वास उठला कीं मातीवालीनें उचलावें. डोळ्यांचा पुरावा नाहीं, बोलण्याचा नाहीं. वास हाच हुकूम. कोंडाऊनें हा हुकूम कधीं मोडिला नव्हता, आणि मोडतां येतो हें तिचे मनांतही आलें नव्हतें.

तरुणपणीं ती बाळांतिणीचे महालीं दाई होती. तेव्हां एक अंडें तिचे जिभेखालीं वाढलें, त्याची अळी जाहली, अळीचा कोश जाहला, आणि कोशांतून म्हाळू निघाली. दाई अंडें चाटते तें बुरशी लागूं नये म्हणोन, ही राजनीति. परंतु कोंडाऊ चाटतां चाटतां गात असे:

भुईच्या गे पोटामधीं, अंधाराची पासोडी,
तींत निजे गोरी कुडी, माझ्या बाईची.

शेजारच्या दाया हंसत, म्हणत, "आक्का, सगळीं अंडीं सारखीं, तुझें तेवढें मोतियाचें कां?" ती म्हणे, "चाटून पहा, मग कळेल." पुढें म्हाळू थोर जाहली, कामास लागली, आणि दिवसां कामास गेली तरी सांजेस आक्काकडे येवोन तिचे गालावर मिशांनीं टकटक करी. मुंग्यांची भीक ऐसीच असते. प्रत्येकीस दोन पोटें. एक आपलें आणि एक सकळांचें. गालावर टकटक जाहली कीं सकळांचे पोटांतून थेंब वर येतो आणि तोंडास तोंड लावोन द्यावा लागतो, नाहीं म्हणतां येत नाहीं. कोंडाऊ म्हणे, "घोडी जाहलीस, आतां तूं मला भरवावें." आणि भरवी.

मग ऐसें जाहलें कीं, माळावर गुरें आलीं आणि एका बैलाचा खूर नेमका तळमहालावर पडला. तळमहालांत अंडीं होतीं. भुई बसूं लागली तेव्हां ज्या बाहेर होत्या त्या पळाल्या आणि म्हाळू आंत पळाली. ढिगारा पडला, वाट बुजली. आंत ज्या दाया चेंगरल्या त्यांचें तेल सुटलें, आणि त्या कोंदट जागीं म्हाळू अंड्यांवर पालथी पडोन राहिली, आणि आपले सकळांचे पोटांत होतें नव्हतें तें तिनें जवळच्या अळ्यांस घातलें. कोरणाऱ्यांनीं कोरीत कोरीत वाट केली, अंडीं सुखरूप वर दिलीं, मढीं वर दिलीं, आणि मढ्यांबरोबर म्हाळूही वर आली. तिचे कंबरेस, मानेस, पाठीस मरणाचें तेल मुरलें होतें. पाय हलत होते, मिशा हलत होत्या. परंतु वास उठला होता. कोरणाऱ्यांनीं हाक दिली, "मातीवाली!" आणि कोंडाऊ आली, आणि नाकानें सांगितलें तें तिनें केलें. म्हाळूस कंबरेशीं धरिली आणि चालूं लागली.

म्हाळू म्हणाली, "आक्का, अगे मी म्हाळू. जिती आहें मी."

कोंडाऊ म्हणाली, "मढ्यानें बोलूं नये. नेणारीस जड होतें."

"आक्का, माझे पाय बघ, झाडतें आहें!"

"वाऱ्यानें हलत असतील," म्हणाली, आणि नेली. मसणवटांत दाण्यांचीं फोलपटें, किड्यांचीं कवचें, जुन्या बहिणी, त्यांचेवर तिला ठेविली आणि परतली. कोंडाऊ दुष्ट नव्हती. तिला म्हाळू दिसलीच नाहीं, मढें दिसलें. वासापुढें मुंगीस दुसरें कांहीं दिसत नाहीं.

दरवाजावर तुळजाऊ म्हणोन थोर डोक्याची शिपाईण होती. तिचें डोकें येवढें कीं तेंच दरवाजास फळी म्हणोन लागे. कोंडाऊ आंत गेली न गेली तों मागून म्हाळू फरफटत आली. तुळजाऊनें डोकें दारांत घातलें आणि म्हणाली, "काय गे कोंडाऊ, कशी माती देतेस? तुझें मढें तुझ्या मागोमाग घरीं येतें! मेलेलीं परत येऊं लागलीं तर जित्यांनीं कोठें राहावें?" सगळ्या हंसल्या. कोंडाऊ खजील जाहली, म्हाळूस पुनः उचलली, आणि आतां जरा रागानेंच नेली.

या खेपेस म्हाळूनें पाय झाडिले नाहींत, बोललीही नाहीं. पोटीं अन्न नव्हतें, बळ सरलें होतें, आणि वारूळाबाहेर एकटी मुंगी म्हणजे तुटलें पान, तें किती टिकणार. मसणवटांत कोंडाऊनें तिला खालीं ठेविली आणि पाठ फिरविणार, इतक्यांत भुकेनें, दुसरें कांहीं नव्हे, केवळ भुकेनें, म्हाळूच्या मिशा वर उठल्या आणि कोंडाऊचे गालावर टकटक जाहली. आणि कोंडाऊनें कांहीं मनांत आणावयाचे आधींच तिचे पोटांतून थेंब वर आला आणि तोंडाशीं उभा राहिला. कोंडाऊ जागचे जागीं थिजली. नाक म्हणे मढें. थेंब म्हणे लेंकरूं. मेलेलें भीक मागत नाहीं. आणि ज्यांस आजवर उचलिलें त्यांत आणखी कोणी ऐसी होती काय, हेंही तिचे मनांत येवोन गेलें.

"म्हाळू?" तिनें पुसिलें.

"मग काय मघांपासून कीर्तन करीत होतें?" म्हाळू म्हणाली, आणि तो थेंब प्याली. कोंडाऊनें सकळांचें पोट रितें केलें, आणि मग आपल्या पोटांतलेंही काढोन देववत नाहीं म्हणोन रडली. मग म्हणाली, "चल, मी तुळजाऊस सांगतें."

ती दरवाजावर गेली आणि म्हणाली, "बाई, ती जिती आहे. मी भरविली तिला."

तुळजाऊ म्हणाली, "तूं सांगतेस एक, नाक सांगतें दुसरें. आजवर राज्य नाकानें चाललें, तोंडानें नव्हे. वास जाऊं दे, मग आण, मी कां आडवी येईन? मलाही बहीणच कीं ती." हें बोलणें खोटें नव्हतें. एका मढ्याची बुरशी आंत गेली तर महालाचे महाल ओस पडतात, हें तुळजाऊनें डोळ्यांनीं पाहिलें होतें.

वास जावा कसा? म्हाळूनें पायांच्या फणीनें मिशा विंचरल्या, तोंड पुसलें, पोट पुसलें. परंतु मान आणि पाठ येथें कोणाचा पाय पोंचत नाहीं. तेथें बहिणीचीच जीभ लागते. आणि मढें चाटूं नये ही चाल आईसाहेबांचे पंखांहून जुनी. चाटलें तर तें तेल चाटणारीचे तोंडीं लागतें, जिभेंत मुरतें, आणि मग ती मढें. कोंडाऊस हें जितकें ठाऊक तितकें राज्यांत कोणास ठाऊक नव्हतें. तिनें म्हाळूस रुईच्या पानाचे सावलींत घेतली आणि म्हणाली, "पालथी हो."

म्हाळू म्हणाली, "नको गे आक्का. तुझें काय होईल?"

"माझें काय व्हायचें? मी वाळूंत अंग घोळीन, दंवांत तोंड धुईन, आणि येईन मागून. मातीवालीचे अंगास वास नवा आहे काय? आणि लहानपणीं कधीं चाटतेवेळीं गप्प राहिली नाहींस, आतां तरी राहा." आणि चाटूं लागली. मानेपासोन कंबरेपर्यंत सगळी चाटली, कडू तेल गिळीत गेली. म्हाळूची पाठ लखलखीत जाहली आणि तिजवर पुनः वारूळाचा वास आला. मग कोंडाऊ म्हणाली, "जा, पुढें हो. उन्हें कलायचे आंत दरवाजा गांठ." म्हाळू गेली. तुळजाऊनें मिशा फिरविल्या आणि डोकें बाजूस केलें, आणि म्हणाली, "आलीस होय गे? आंत ये, किती वाळलीस!" जणों मघां कोणी दुसरीच आली होती.

कोंडाऊनें वाळूंत अंग घोळलें, दंवांत तोंड धुतलें, आणि दगडावर जीभ घांसली. फणीचा एक पाय नाहीं, मिशांचीं टोंकें नाहींत, जें निघावें तें निघालें नाहीं. तरी आशा मोठी. ती दरवाजाकडे आली. आणि इकडे म्हाळू आंत जी गेली ती दरवाजाजवळच बसली होती, कीं आक्का येईल तिला सामोरी जाईन. मातीवालीची जागा रिकामी, म्हणोन कोणी म्हणालें, "बसलीच आहेस तर तेवढें काम पाहा." तिनेंही बरें म्हटलें, कां कीं त्या कामास दरवाजावर राहावयास मिळतें. तों तुळजाऊची हाक आली, "मातीवाली! दारांत एक येवोन पडलें आहे."

म्हाळू आली. वास उठला होता. तिनें कोंडाऊस कंबरेशीं धरिली आणि उचलली. परंतु स्वतः भोगलेली, म्हणोन चालावयाचे आधीं तिनें पुसिलें, "जिती असलीस तर सांग गे बाय. मजवरही अशीच वेळ आली होती. सांगितलेंस तर मी चाटीन तुला, कोणी कांहीं म्हणो."

कोंडाऊनें तें ऐकिलें. तोंड उघडावें तों मनांत आलें, वास तो कांहीं मरत नाहीं, या अंगावरून त्या अंगावर जातो. आज ही मला चाटील, उद्यां हिला कोण चाटील? तिनें तोंड मिटलें, आणि उचलणारीस जड होऊं नये म्हणोन सगळे पाय पोटाशीं घेतले.

वाटेनें म्हाळू बोलत होती, "कोणाची तूं गे? जरा धीर धरितीस तर माझी आक्का नेती तुला. तिचा हात फार हलका. ती येणारच आहे, अंग पुसते आहे." मग मसणवटांत तिला हळूच ठेविली, तीवर एक फोलपट पांघरलें, आणि आक्का येवोन दारांत खोळंबली असेल म्हणोन धांवत मागें गेली.

येणेंप्रमाणें जाहलें. तळमहालाचीं अंडीं उमललीं, प्रजा वाढली, तांबड्यांची पुनः छाती जाहली नाहीं, आईसाहेबांस यांतील कांहींच कळलें नाहीं. राज्य बहुत काळ सुखी नांदलें, आणि म्हाळू जों जगली तों दरवाजा सोडोन आंत निजली नाहीं.